संगणकांचा वाद्यवृंद : प्रिन्स्टन विद्यापीठातील एक शैक्षणिक प्रयोग

गावातील भजनी मंडळात नव्याने येणारा मुलगा प्रथम मागच्या रांगेत बसतो. त्याच्या हाती टाळ दिले जातात. स्वतंत्र धडा असा कोणी देत नाही. पखवाजाकडे कान लावून तो आपला ठोका इतरांच्या ठोक्यात मिसळू लागतो आणि चुकला तर शेजाऱ्याच्या नजरेवरूनच त्याला ते कळते. संगीताचे शिक्षण असे दुसऱ्याच्या संगतीत होते, हा आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

संगणकाचा स्वभाव नेमका याच्या उलट समजला जातो. एक यंत्र, त्यापुढे एक माणूस आणि त्याच्या कानांवर हेडफोन. इलेक्ट्रॉनिक संगीत शिकविणाऱ्या वर्गांतूनही बहुधा हेच चित्र दिसते. खोलीत वीस विद्यार्थी असतात, वीसजण संगीत निर्माण करीत असतात आणि खोलीत मात्र शांतता असते. अशा वर्गातून तंत्र हस्तगत होते. तथापि दुसऱ्याचे ऐकून आपले वाजविणे ही जी संगीतशिक्षणाची पहिली पायरी, तीच राहून जाते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात असलेल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २००५ साली या उणिवेवर एक उपाय योजला. संगणक हेच वाद्य मानून विद्यार्थ्यांचा एक वाद्यवृंद उभा करावयाचा आणि तो वाद्यवृंद हाच वर्ग समजावयाचा, असा तो उपाय होता. ‘प्रिन्स्टन लॅपटॉप ऑर्केस्ट्रा’ या नावाने, आणि त्याच्या ‘प्लॉर्क’ या लघुरूपाने, हा उपक्रम ओळखला जातो.

एकांतातील कला

हा उपाय प्रिन्स्टनलाच सुचावा, याला थोडा इतिहास आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक केंद्र कोलंबिया आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांनी मिळून, रॉकफेलर प्रतिष्ठानच्या अनुदानातून, १९५९ साली स्थापन केले. न्यूयॉर्क येथील त्या केंद्रात आर. सी. ए. कंपनीचा एक सिंथेसायझर होता. तो एक संपूर्ण भिंत व्यापणारा होता आणि कागदाच्या पट्टीवर छिद्रे पाडून त्याला सूचना द्याव्या लागत. प्रिन्स्टनचे प्राध्यापक व संगीतकार मिल्टन बॅबिट यांना या यंत्राचे विशेष आकर्षण वाटे, कारण वादकाच्या मध्यस्थीवाचून रचनेचा प्रत्येक स्वर आणि प्रत्येक क्षण संगीतकाराच्या पूर्ण ताब्यात येत असे. रचना ध्वनिफितीवर पूर्ण होई आणि कार्यक्रमाच्या वेळी श्रोते मोकळ्या रंगमंचावरील स्पीकरकडे पाहत बसत.

पुढे संगणक आला. न्यू जर्सीतच असलेल्या बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली संगणकाकडून काही सेकंदांचे संगीत वाजवून घेतले होते. १९६० च्या दशकात प्रिन्स्टनच्या संगीतकारांनी विद्यापीठाच्या संगणकावर गणित करावे आणि त्या आकड्यांचे ध्वनीत रूपांतर करून घेण्यासाठी चुंबकीय फीत घेऊन बेल प्रयोगशाळा गाठावी, असा क्रम चालत असे. आपण काय रचले हे ऐकावयास असा प्रवास करावा लागत असेल, तर चारजणांनी मिळून वाजविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एकांत ही त्या काळची गरज होती. यंत्रे लहान झाली, गरज संपली, पण सवय उरली, असेच म्हणावे लागते.

भारतातही या कलेचे एक पाऊल पुष्कळ लवकर पडले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरसह एक ध्वनिशाळा उभारली. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. हे काम १९७२ पर्यंत चालले व थांबले. ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात अनेक दशके पडून राहिल्या आणि त्यांतील निवडक रचना २०२३ साली प्रकाशात आल्या. यंत्र होते आणि प्रतिभाही होती. पण एका तुकडीने दुसरीच्या हाती विद्या सोपवावी, अशी परंपरा त्या ध्वनिशाळेभोवती निर्माण झाली नाही.

आवाज कोठून येतो?

प्लॉर्कचे संस्थापक दोन प्राध्यापक होत. डॅन ट्रूमन हे संगीतकार आणि व्हायोलिनवादक, तर पेरी कुक यांची नेमणूक संगणकशास्त्र आणि संगीत या दोन्ही विभागांत होती. या दोघांनी १९९० च्या दशकात एका साध्या प्रश्नाचा पाठपुरावा केला होता. लाकडी वाद्याचा नाद खोलीत ज्या रीतीने पसरतो, त्या रीतीने स्पीकरचा नाद का पसरत नाही? तंतुवाद्याभोवती सर्व बाजूंनी मायक्रोफोन मांडून त्याचा नाद कोणत्या दिशेला कसा जातो याची त्यांनी मोजमापे घेतली. व्हायोलिनचा आवाज चहूकडे आणि प्रत्येक दिशेला किंचित निराळा जातो, तर नेहमीचा स्पीकर एका तोंडाने समोर बोलतो.

हा मुद्दा ज्याने गावातील सप्ताह पाहिला आहे त्याला सहज पटेल. कीर्तनकार मंडपात उभे असतात आणि त्यांचा आवाज मात्र लिंबाच्या झाडावर बांधलेल्या कर्ण्यातून येतो. डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे. दूरच्या श्रोत्याची त्यामुळे सोय होते, पण दहा टाळकरी एकाच कर्ण्यातून ऐकू येऊ लागले, तर कोणता टाळ कोणाचा हे त्या टाळकऱ्यांनाही सांगता येणार नाही. इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकत्र वाजविण्यात नेमकी हीच अडचण होती. सर्वांचा आवाज मंचाच्या दोन बाजूंच्या मोठ्या स्पीकरांतून बाहेर पडे. वादकाला स्वतःचे वाजविणे वेगळे ऐकू येत नसे आणि शेजाऱ्याचेही.

म्हणून प्लॉर्कमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचा स्वतःचा स्पीकर देण्यात आला. तो अर्धगोलाच्या आकाराचा असून त्यावर निरनिराळ्या दिशांना तोंड केलेले सहा ध्वनिपटल बसविलेले असतात. जवळ एक लॅपटॉप, आवाज आत-बाहेर नेणारे एक उपकरण आणि ॲम्प्लिफायर. विद्यार्थी उशीवर मांडी घालून जमिनीवर बसतो आणि स्पीकर त्याच्या शेजारी असतो. अशी पंधरा आसने प्रारंभी तयार करण्यात आली. आवाज जेथून यावयास हवा तेथूनच, म्हणजे वादकाच्या बैठकीतून येतो. पंधराजणांपैकी एकजण चुकला, तर कोण चुकला हे सर्वांना कळते. ज्याचे त्यालाही कळते. या प्रयोगातील शैक्षणिक मर्म या एका गोष्टीत बरेचसे सामावलेले आहे. भजनी मंडळातील शेजाऱ्याची नजर येथे पुन्हा उपलब्ध झाली.

काळ मोजणारी भाषा

वर्गाचे दुसरे साधन म्हणजे ‘चक’ ही संगणकभाषा. कुक यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करणारे विद्यार्थी गे वांग यांनी ती रचली. ती विनामूल्य उपलब्ध आहे आणि सर्वसाधारण संगणकांवर चालते. सामान्य संगणकभाषेत काम लवकरात लवकर उरकणे यालाच महत्त्व असते. ते नेमके केव्हा व्हावे हे सांगण्याची सोय दुय्यम असते. चक भाषेत काळ हाच वाक्यरचनेचा भाग आहे. ‘हा स्वर सुरू कर, अर्धा सेकंद जाऊ दे, मग तो बदल’ असा आदेश विद्यार्थ्याला जवळजवळ त्याच शब्दांत लिहिता येतो. शिवाय प्रोग्रॅम चालू असताना, म्हणजे आवाज निघत असतानाच, त्याच्यात फेरफार करता येतात. विद्यार्थी ओळ बदलतो आणि बदल त्याच क्षणी कानावर पडतो.

अध्यापनाच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. प्रोग्रॅमिंगच्या वर्गात चुकीची जाणीव पडद्यावरील तांबड्या अक्षरांतून होते आणि ती वाचून नवशिका बहुधा घाबरतो. येथे चूक ऐकू येते. कधी कधी ती चूक ऐकावयास बरी वाटते, आणि मग ती ठेवून दिली जाते! संगीत येत असलेला पण संगणकास बिचकणारा आणि संगणक येत असलेला पण स्वरज्ञान नसलेला, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी या वर्गात एकमेकांच्या शेजारी बसू शकतात. पहिल्या वर्षी, म्हणजे २००५ च्या हिवाळी सत्रात, हा वर्ग नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी चर्चावर्ग म्हणून भरविण्यात आला. नंतर तो संगीत आणि संगणकशास्त्र या दोन्ही विभागांच्या अभ्यासक्रमांत एकाच वेळी नोंदविला गेला. दोन विभागांच्या मधली भिंत ओलांडणे हे कोणत्याही विद्यापीठात यंत्रखरेदीपेक्षा अवघड काम असते, हे जाणकारांना सांगावयास नको.

टंकलेखनातून ताल

वर्गात प्रत्यक्षात काय चालते हे दोन रचनांवरून स्पष्ट होईल. ‘क्लिक्स’ ही गे वांग यांची रचना असून तिच्यात विद्यार्थी केवळ टंकलेखन करतात. संगणकात प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक असतो. इंग्रजीतील मोठ्या ‘ए’चा ६५, लहान ‘ए’चा ९७. या क्रमांकावरून त्या कळीच्या ‘टक्‌’ आवाजाची उंची ठरते. म्हणजे एकच अक्षर मोठे टंकित केले तर नाद खालचा आणि लहान टंकित केले तर वरचा. सर्व संगणक बिनतारी जाळ्याने जोडलेले असतात आणि प्रत्येक ‘टक्‌’ समाईक तालाच्या ठोक्यावर बसविला जातो. पुढे एक संचालक उभा राहून हाताच्या खुणांनी उंची, दाटपणा आणि आवाजाची मंचावरील वाटचाल ठरवितो. ज्याने जन्मात वाद्य हाती धरले नाही असा विद्यार्थीही पहिल्याच दिवशी यात सामील होऊ शकतो. पण त्याला संचालकाकडे पाहावे लागते आणि भोवताली ऐकावे लागते. नुसत्या पडद्याकडे पाहून भागत नाही.

दुसरी रचना कुक आणि वांग यांची असून ती इंडोनेशियाच्या गामेलान वाद्यमेळावरून आणि जपानी ढोलांवरून सुचलेली आहे. प्रत्येकाच्या पडद्यावर चौकटींचा एक तक्ता असतो. चौकटीत रंग भरला की त्या जागी घंटेचा किंवा ढोलाचा आघात होतो आणि तक्ता आवर्तनाप्रमाणे फिरत राहतो. संचालक ‘अधिक भरा’, ‘रिकामे करा’ अशा खुणा करतो. पहिल्या प्रयत्नात प्रत्येकजण आपला तक्ता भरून टाकील आणि नुसता गोंगाट होईल, याची कल्पना कोणत्याही शिक्षकास करता येईल. आपण चौदा चौकटी रिकाम्या ठेवून दोनच भराव्यात, म्हणजे शेजाऱ्याला जागा मिळेल, ही समज यावयास वेळ लागतो. ती आली म्हणजे वृंदवादनाचा पहिला पाठ झाला.

येथे ताल सांभाळण्याचे काम एक संगणक करतो. तो जाळ्यावरून ठोके पाठवितो आणि इतर त्यांचे अनुसरण करतात. आपल्या तबलावादनात नगमा धरणारा सारंगीवादक किंवा पेटीवाला एकच ओळ आवर्तनामागून आवर्तन वाजवीत राहतो आणि त्या आधारावर तबलजी मोकळा होतो, त्याच्याशी याची तुलना करता येईल. फरक एवढाच की पेटीवाला तबलजीचे ऐकून किंचित सैल किंवा घट्ट होतो, यंत्र होत नाही. शिवाय ध्वनीलाही अंतर कापावयास वेळ लागतो. हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने दहा मीटरवरील वादकाचा ठोका सुमारे तीन शतांश सेकंद उशिरा पोहोचतो. त्यामुळे घड्याळे कितीही जुळविली, तरी शेवटचा निवाडा कानालाच करावा लागतो.

तबल्याचा उल्लेख येथे केवळ तुलनेसाठी नाही. मुंबईत जन्मलेले आणि वाढलेले उस्ताद झाकीर हुसेन २००५-०६ मध्ये प्रिन्स्टनच्या संगीत विभागात अभ्यागत प्राध्यापक होते आणि तेथे भारतीय अभिजात संगीताचा वर्ग घेत होते. प्लॉर्कचे ते पहिलेच वर्ष होते. एप्रिल २००६ मध्ये विद्यापीठाच्या रिचर्डसन सभागृहात या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम झाला, त्यात त्यांच्यासमवेत झाकीर हुसेन, संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस आणि ‘सो परकशन’ हा तालवाद्यसंच सहभागी झाला होता. सात-आठ महिन्यांपूर्वी ज्यांना प्रोग्रॅमिंगचा गंध नव्हता, असे विद्यार्थी जगातील एका श्रेष्ठ तालवादकाच्या साथीस बसले. अशा साथीत लपावयास जागा नसते.

श्रम, खर्च आणि आयुष्य

या पद्धतीचा गौरव करताना तिच्यातील कष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. प्रत्येक बैठकीपूर्वी पंधरा आसने मांडणे, तारा जोडणे, जाळे चालू आहे की नाही हे तपासणे, आणि शेवटी सर्व उचलून ठेवणे यांत वर्गाचा बराच वेळ जातो. बिनतारी जाळ्यात एखादा ठोका हरवला की एक संगणक मुका होतो, आणि मग सर्वांनी थांबावयाचे की पुढे जावयाचे हे त्या क्षणी ठरवावे लागते. गुणदानाचा प्रश्नही नाजूक आहे. सहाजणांनी मिळून केलेल्या रचनेत कोणाला किती श्रेय द्यावे, याचे सोपे कोष्टक नाही. मात्र एक लाभ निर्विवाद आहे. एकट्याने करावयाचा प्रोग्रॅम अर्धवट राहिला तर नुकसान एकट्याचे होते; वृंदातील वाद्य अर्धवट राहिले तर सारे खोळंबतात. दुसरे आपली वाट पाहत आहेत ही जाणीव गृहपाठाच्या तारखेपेक्षा अधिक प्रभावी ठरते.

कुक यांनी २००१ साली नव्या संगणकवाद्यांच्या रचनेविषयी काही तत्त्वे मांडली होती. त्यांतील एक असे की, सर्व कामांना चालेल असे वाद्य बनवीत बसू नये, एक रचना हाती घ्यावी आणि तिच्यापुरते वाद्य करावे. विद्यार्थ्यांच्या वर्गाला हे तत्त्व फार उपयोगी पडते, कारण सत्राला शेवट असतो आणि कार्यक्रमाची तारीख ठरलेली असते.

खर्चाच्या बाजूने पाहता, २००८ साली मॅकआर्थर प्रतिष्ठानने या उपक्रमास २,३८,००० डॉलरचे अनुदान दिले. ही रक्कम वाचून आपल्याकडील एखाद्या प्राचार्यांनी अंक मिटून ठेवू नये. गे वांग तोवर स्टॅनफर्ड विद्यापीठात शिक्षक झाले होते आणि त्याच वर्षी तेथे त्यांनी असाच वाद्यवृंद सुरू केला. त्या वृंदासाठी अर्धगोल स्पीकर कसे मिळविले? बाजारात मिळणारे कोशिंबिरीचे लाकडी वाडगे उपडे करून, त्यांना भोके पाडून आणि मोटारीत बसवितात तसले लहान स्पीकर त्यांत घालून, ते विद्यापीठातच तयार करण्यात आले. विद्यार्थ्याने आपले वाद्य स्वतः घडविले म्हणजे त्याच्या मर्यादाही त्याला ठाऊक असतात, हा त्यातील आणखी एक लाभ.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठात इवित्सा बुकविच यांनी २००९ साली याहून काटकसरीचा मार्ग स्वीकारला. लिनक्स या विनामूल्य प्रणालीवर चालणारे लहान संगणक आणि मुलांच्या व्हिडिओ खेळातील हातात धरावयाच्या कळा, यांवर त्यांनी वृंद उभारला. संपूर्ण आसनाचा खर्च ८०० डॉलरच्या आत ठेवण्यात आला आणि पुढे हा प्रयोग शाळकरी मुलांपर्यंतही नेण्यात आला. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत संगणककक्ष असतो आणि सायंकाळनंतर तो बंद असतो. संगीताचा विभाग असलाच तर तो इमारतीच्या दुसऱ्या टोकाला असतो. या दोहोंना एका खोलीत आणण्यास लागणारी सामग्री बहुतांशी संस्थेत आधीच आहे. स्पीकर तेवढे करून घ्यावे लागतील. एका शिक्षकाला दर आठवड्यास पाच-सहा तासांची मोकळीक देणे, हा मात्र खरा खर्च आहे आणि तो कोणत्याही अनुदानाच्या शीर्षाखाली सहजासहजी बसत नाही.

एक प्रश्न सर्वत्र अनुत्तरित आहे. तबला दोनशे वर्षांपूर्वीचा असला तरी नवी पुडी चढवून वाजविता येतो. संगणकवाद्याचे आयुष्य यंत्राच्या पिढीइतकेच असते. प्लॉर्कच्या सुरुवातीच्या काळात लॅपटॉप कलता केला की स्वर बदलेल, अशी वाद्ये करण्यात आली होती. यंत्र हातातून पडले तर आतील फिरत्या तबकडीचे रक्षण व्हावे म्हणून त्या लॅपटॉपमध्ये एक हालचाल ओळखणारा भाग बसविलेला असे, त्याचा तो चतुर उपयोग होता. पुढे संगणकांतून फिरती तबकडीच गेली आणि तिच्याबरोबर तो भागही गेला. त्या रचना आज वाजवावयाच्या तर जुने लॅपटॉप जपून ठेवावे लागतात, नाहीतर वाद्य नव्याने लिहावे लागते. प्रिन्स्टनचा वृंद नंतर जेफ स्नायडर यांच्या संचालनाखाली आला, आसनांची संख्याही वाढली, आणि दर वर्षी नवे विद्यार्थी येऊन जुन्यांच्या जागी बसतात. मागील तुकडीने मागे ठेवलेली वाद्ये उघडून, त्यांतील कोणती अजून बोलतात आणि कोणती मुकी झाली हे पाहण्यापासूनच नव्या तुकडीच्या कामाला सुरुवात करावी लागते.